पॅसेजमधला गांडुळांचा डबा

सी-302: सकाळी दार उघडलं तर पायपुसण्यावर गांडुळं. वास तर विचारूच नका. कुंड्यांच्या वेळीच ठरलं होतं ना, पॅसेजमध्ये काही ठेवायचं नाही?

सी-101: 304 च्या गांडूळखताच्या डब्यासाठी कमिटीची लेखी परवानगी घेतली होती का?

सी-304: काका, पायपुसणं मी लगेच धुऊन देते. पण त्यांना उजेड नको असतो, उगाच बाहेर पडत नाहीत ती. आत काहीतरी बिघडलंय. बघून सांगते.

सी-203: दोन-चार मला द्या, रविवारी गळ टाकायला जातोय 😀

सी-302: घरात रांगतं बाळ आहे. चेष्टा नकोय.

सी-203: सॉरी काका 🙏

सी-402: पॅसेजचं निघालंच आहे तर 201 चा चपलांचा रॅकही बघा. अर्ध्या जिन्यात आलाय.

सी-201: आणि तुमची सायकल कुठे असते हो?

सी-101: मूळ मुद्दा राहिला. लेखी परवानगी घेतली होती का?

सी-304: झाकण उघडलं. कुणीतरी उरलेलं जेवण ओतलंय, वर तेलाचा तवंग आहे. वरचा थर हाताला गरम लागतोय, आंबूस वास येतोय. गांडुळं सगळी झाकणाच्या आतल्या कडेला गोळा झालीत. मीठ आणि तेल त्यांना सोसत नाही. शिवाय ती कातडीतून श्वास घेतात, चिखल झाला की गुदमरतात. टाकणाऱ्याने चांगल्या मनानेच टाकलं असेल, पण प्लीज मला विचारल्याशिवाय टाकू नका.

सी-103: ओल्या कचऱ्याचाच डबा ना गं तो? मग जेवण का नाही चालत?

सी-304: काकू, भाज्यांच्या-फळांच्या साली, चहाचा चोथा, चुरलेली अंड्याची टरफलं चालतात. तेही बेताने. सगळं मानवलं तर गांडुळं दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्मं खातात, म्हणजे किलोभर गांडुळांना अर्धा किलो. माझ्याकडे तेवढी नाहीतच. त्यांना खाऊन संपत नाही ते सडतं, आणि वास येतो तो त्याचा. नीट चाललेल्या डब्याला ओल्या मातीसारखा वास असतो.

सी-401: ताई, बागेतली गांडुळं चालतात का यात?

सी-304: नाही, त्यातली बरीच खोल मातीत राहणारी असतात. डब्यात लाल गांडुळं लागतात, आयसेनिया फेटिडा. ती वरच्या कुजक्या थरातच राहतात.

सी-302: माहिती छान आहे. त्रास आमच्या दारात आहे.

सी-204 (सेक्रेटरी): काकांचं बरोबर आहे. घरात काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पॅसेज कॉमन आहे, डबा आज आत घ्या.

सी-304: घेते सर. बाल्कनीत दुपारचं ऊन येतं, 35 अंशांच्या वर ती मरायला लागतात, म्हणून बाहेर होता. आता सिंकखाली ठेवते. ओतलेलं सगळं काढलंय, वर्तमानपत्राच्या कोरड्या पट्ट्या घातल्यात. मूठ दाबली की एखादाच थेंब पडावा, एवढीच ओल हवी.

सी-101: म्हणजे परवानगी नव्हती.

सी-204 (सेक्रेटरी): 101, डबा आत गेला. आता कसली परवानगी?

सी-402: आणि रॅक?

सी-401: ताई, थोडी गांडुळं मला मिळतील का?

सी-304: आत्ता नको, आधी ही सावरू देत. नवीन खाणंही काही दिवस बंद ठेवणार आहे.

सी-302: पायपुसणं मिळालं. संध्याकाळी वास आला तर परत लिहीन.