मदत हवी आहे: गोळीच्या कोटिंगमध्ये सनसेट यलोबरोबर आयर्न ऑक्साइडही आहे का?

नमस्कार मंडळी,

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय क्वालिटी ॲश्युरन्स. प्रोजेक्टसाठी बाजारातली एक पीच रंगाची फिल्म कोटेड गोळी घेतली आहे. स्ट्रिपवर रंग म्हणून फक्त सनसेट यलो लेक (ॲल्युमिनियमच्या संयुगावर बसवून पाण्यात न विरघळणारा केलेला रंग) आणि टायटॅनियम डायऑक्साइड छापलंय.

सनसेट यलोबद्दल शंका नाही. ब्लेडने खरवडलेलं कोटिंग पाण्यात टाकलं की त्यातलं फिल्म बनवणारं एचपीएमसी विरघळतं, पण पाणी रंगत नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की लेक फुटतो आणि नारिंगी रंग भराभर उतरतो. गाळून यूव्हीवर (प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्रावर) स्कॅन केला, शिखर 482 नॅनोमीटरला. सोडियम डायथायोनाइटने रंग उडाला, म्हणजे ॲझो डाय (सनसेट यलो ज्या रंगगटात येतो तो). पांढऱ्या लोकरीनेही तो आम्लात धरला आणि अमोनियात सोडला.

अडलंय ते खाली राहिलेल्या गाळापाशी. रंग निघून गेल्यावर टायटॅनियम डायऑक्साइड आणि टाल्क पांढरे उरायला हवेत, पण कितीही धुतलं तरी विटकरी झाक जात नाही. मला तांबड्या आयर्न ऑक्साइडचा संशय आहे. गाळ तीव्र आम्लात तापवून पोटॅशियम थायोसायनेट घातलं तर लाल रंग येतो, म्हणजे लोह आहे. पण ही चाचणी फारच संवेदनशील. टाल्कमध्ये थोडं लोह असतंच, स्टीलच्या ब्लेडचं येऊ शकतं, एलआर ग्रेडच्या (साध्या प्रयोगशाळेच्या दर्जाच्या) आम्लातूनही येतं. माझ्या ब्लँकलासुद्धा (नमुना न घालता केलेल्या चाचणीला) फिकट गुलाबी छटा आहे.

औषध नियमावली 1945 च्या नियम 127 प्रमाणे वापरलेल्या रंगाचं नाव लेबलवर असायला हवं. त्यामुळे ‘न छापलेला रंग सापडला’ असं थिसिसमध्ये लिहायचं तर पुरावा भक्कम हवा. गाइड सरांच्या मते थायोसायनेट पुरे आहे, मला ते पटत नाही.

आता ब्लेड न वापरता गोळी पाण्यात थोडा वेळ फिरवून कोटिंग सोडवणार आहे, आणि नुसता टाल्क व गोळीचा गाभा वेगळे तपासणार आहे. एफटीआयआरचा (इन्फ्रारेड वर्णपटाचा) उपयोग झाला नाही, 800 cm⁻¹ च्या खाली टायटॅनियमचा पसरट पट्टा सगळं झाकून टाकतो. विद्यापीठात पैसे भरून रामन (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणारी तपासणी) करून मिळतं. ॲनाटेसच्या (टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाच्या) 144 cm⁻¹ च्या भल्यामोठ्या शिखराशेजारी हेमाटाइटची (तांबड्या आयर्न ऑक्साइडची) 225 आणि 292 ची शिखरं इतक्या कमी प्रमाणात दिसतील का? नमुना थेट गोळीवर घ्यावा की धुतलेल्या गाळाचा? लेक असेल तर फ्लुरोसन्स (लेझरमुळे रंगाचं स्वतःच चमकणं) आड येईल असं वाटतं.

कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा. स्कॅन हवे असतील तर इथेच टाकतो.