यादीतलं शेवटचं शिखर : तुमचं काय झालं?

घरावरून दिसणाऱ्या रांगेतला एकही डोंगर सोडायचा नाही, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते नाशिक जिल्ह्यातल्या सातमाळा रांगेमुळे. वहीच्या मागच्या पानावर नावं लिहिली : अचला, अहिवंत, मोहनदर, मार्कंड्या, रवळ्या, जवळ्या, धोडप, कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई, चांदवड. दोन हिवाळ्यांत उरकेल असं वाटलं होतं. लागली 11 वर्षं. मध्ये लग्न, मुलं, एक मोडलेला घोटा. शिवाय चुकलेल्या एस.ट्या किती, त्याचा हिशेबच नाही.

धोडप मुद्दाम शेवटी ठेवला होता. 1768 मध्ये माधवरावांनी राघोबादादांना जिथे हरवलं तो हा किल्ला. हट्टी गावातून पहाटे निघालो, देवीच्या गुहेपाशी डबा खाल्ला, माचीच्या भिंतीला पडलेल्या खिंडारापर्यंत जाऊन आलो. संध्याकाळी घरी येऊन उरलेल्या एकमेव नावापुढे बरोबरची खूण केली. बायकोने विचारलं, "आता रविवारी काय करणार?" उत्तर सुचलं नाही. असा नाद पुरा केलेल्यांनी, किंवा अर्ध्यात सोडलेल्यांनीही, लिहा.

वणीहून

तुमच्या यादीत सप्तशृंगीचं शिखर नाही, ते बरं केलंत. मंदिरामागच्या त्या सुळक्यावर जायचं नसतंच. चैत्रोत्सवात दरेगावचा मानकरी रात्री निशाण घेऊन वर जातो. आम्ही लहानपणी गच्चीवर जागत बसायचो आणि सकाळी ते फडकताना दिसलं की आजी हात जोडायची. मी बाकीचे डोंगर केले ते वडिलांबरोबर. मार्कंड्याला सोमवती अमावस्येच्या गर्दीत गेलो होतो. वर ऋषींचं स्थान आहे. ते सप्तशती म्हणतात आणि समोरच्या गडावर देवी मान कलती करून ऐकते, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. तिथून समोरचं शिखर इतकं जवळ दिसतं की मी वडिलांना म्हटलं, "दादा, हे एक राहिलंच की." ते म्हणाले, "राहू दे. तिचं घर आहे ते."

वडील गेले त्याला आता चार वर्षं झाली. यादी माझ्याकडेच आहे.

पुण्याहून

वर धोडप पूर्ण झाल्याचं वाचलं, म्हणून विचारतो : गुहेच्या डोक्यावरची शेंडी चढलात का? बहुतेक जण गुहेतून परततात आणि "धोडप झाला" म्हणतात. चुकीचं नाही. पण शिखर म्हणाल तर ते वर आहे. घसाऱ्याची माती आणि कातळ, जाणत्याशिवाय कुणी जाऊ नये. मी दोर असूनही पहिल्या वेळी मागे फिरलो होतो, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

सटाण्याहून

बागलाणातले सगळे केले, साल्हेर सोडून. होय, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, 1567 मीटर, आणि माझ्या गावापासून सगळ्यांत सोपा जायला. "कधीही जाऊ" म्हणून राहिला. आता गुडघे ऐकत नाहीत. परशुरामाचं देऊळ खालूनच बघतो.

स्कॉटलंडमधून, मूळ गाव चांदवड

इथे 3000 फुटांवरच्या डोंगरांना मनरो म्हणतात. असे 282 आहेत आणि ते सगळे चढणं हा इथला रीतसर नाद आहे. शेवटच्या डोंगरावर मित्रमंडळी व्हिस्की घेऊन जमतात. मी 19 वर्षांत संपवले. स्काय बेटावरचा तो कातळाचा कुप्रसिद्ध सुळका गाइडच्या दोराला बांधून घेऊन चढले, डोळे अर्धे मिटून. गंमत अशी की 1891 मध्ये ज्यांनी ही यादी केली त्या सर ह्यू मनरोंची स्वतःची यादी पुरी झालीच नाही. हा सुळका राहिला, आणि एक डोंगर त्यांनी खास शेवटासाठी राखला होता, तोही. 1919 मध्ये ते गेले.

माझी खरी पंचाईत वेगळी आहे. 282 झाले, पण ज्याच्या पायथ्याशी वाढले तो इंद्राई अजून पाहिलेला नाही. शाळेच्या सहलीला तिथे नेत होते, मला ताप आला होता.

पुन्हा मी

पुण्याच्या मित्राला : नाही, शेंडी चढलो नाही. धोडपपुढची खूण खोडरबराने पुसली. पेनची होती, म्हणून कागद जरा फाटला.

चांदवडच्या ताईंना : डिसेंबरात येणार असाल तर कळवा. राजधेरवाडीतून वाट मला माहीत आहे.