फेब्रुवारीत एकही दार राहू नये

सेक्रेटरी, ए 402: सोसायटीच्या ग्रुपवरच्या सर्वांना नमस्कार. जनगणनेच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे घरयादीच्या वेळी, आपल्या तीन विंग मिळून अकरा दारं राहिली होती. माहिती घ्यायला येणाऱ्या प्रगणक मॅडमना चार-चार चकरा माराव्या लागल्या. फेब्रुवारी 2027 मध्ये दुसरा टप्पा आहे, तेव्हा माणसांची मोजणी होईल. यावेळी काय करता येईल ते इथे लिहा. पार्किंगचा विषय आज नको, प्लीज.

ए 204: लिफ्टजवळ नोटीस लावली होती ना? लोक दारच उघडत नाहीत, त्याला कमिटी काय करणार?

बी 103: दार उघडत नाहीत म्हणण्याआधी मी पाहिलेलं सांगते. त्या मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा मी गेटपाशी भाजी घेत होते. वॉचमनदादांनी गेटच्या अ‍ॅपवरून सात फ्लॅटना विचारलं. पाच जणांनी उत्तर दिलं नाही, दोघांनी नको म्हणून कळवलं. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल आणि पाण्याची रिकामी बाटली घेऊन त्या वीस मिनिटं गेटबाहेर उभ्या होत्या. मी वर न्यायला निघाले तर दादा म्हणाले, "मॅडम, परवानगी नाही, माझ्यावर येईल." त्यांचंही चुकलं नाही, नियम आपणच केलाय. पण जनगणनेच्या कायद्यात स्पष्ट आहे, प्रगणकाला रीतीभातीला धरून घरात येऊ द्यायचं. आपण त्यांना गेटच्या आतही घेतलं नाही.

सी 302: ताई, नको म्हणणाऱ्या दोघांत मी होते. दुपारी मी आणि बाळ दोघंच असतो. गॅसची तपासणी सांगून मागच्या गल्लीत दोघं जण घरात शिरले होते, तेव्हापासून मी अनोळखी माणसाला दार उघडतच नाही.

बी 103: तू केलंस ते बरोबरच केलंस गं. तुला वर एकटीला ठरवायला लागू नये, ओळख खालीच पटली पाहिजे. प्रगणक आले की कमिटीतल्या कोणीतरी ओळखपत्र बघायचं आणि प्रत्येक मजल्यावर सोबत जायचं. तुझ्याकडे मी स्वतः येईन, माझा आवाज ऐकल्याशिवाय उघडू नकोस. आणि सगळ्यांनीच लक्षात ठेवा, जनगणनेत बँकेचा तपशील, ओटीपी, पैसे यातलं काहीही मागत नाहीत. मागितलं तर सरळ दार लावा आणि मला फोन करा.

सी 302: मग चालेल. बाळ दोन ते चार झोपतो, ती वेळ सोडून 🙏

बी 506: एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. माझा सी 604 भाड्याने दिलाय, चार मुलं राहतात. घरयादीच्या वेळी मीच त्यांना सांगितलं होतं, कोणी विचारलं तर काही सांगू नका. घर स्वतःचं की भाड्याचं असा प्रश्न होता. स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळणारी मिळकतकरातली 40 टक्के सवलत मी अजून घेतोय. भाडेकरूंचं पोलीस व्हेरिफिकेशनही राहिलंय. म्हटलं, उगाच कुठेतरी नोंद नको.

ए 204: असे बरेच मालक आहेत काका, तुम्ही एकटे नाही.

बी 103: काका, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 बघा. तुमच्या घराची भरलेली माहिती कोणालाही बघायला मिळत नाही, दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणून चालत नाही. फौजदारीतही फक्त याच कायद्याखालच्या गुन्ह्याचा खटला असेल तरच. करखात्याला ती यादी मिळत नाही, पोलिसांनाही नाही. कराचं आणि व्हेरिफिकेशनचं काय करायचं ते तुम्ही तुमचं बघा, तेही करायला हवंच. पण त्यापायी चार मुलं गणतीतून गाळू नका.

बी 506: मुलांना आज फोन करतो.

सी 701: पण त्या मुलांची नावं गावाकडे रेशनकार्डावर आहेत, मतदार यादीत आहेत. घरचे तिकडे सांगतीलच की. इथे परत कशाला?

बी 103: सर, हा गोंधळ सगळीकडे आहे. मतदार यादी वेगळी, रेशनकार्ड वेगळं. माणूस नेहमी जिथे राहतो तिथे मोजायचा. वर्षातले दहा-अकरा महिने ही मुलं इथे पुण्यात, नऱ्ह्यात राहतात, इथलं पाणी पितात, इथल्या रस्त्यावर गाडी चालवतात, तेव्हा ती इथली. त्यांनी घरी आईलाही कळवायला हवं, म्हणजे तिकडे पुन्हा नाव लागायचं नाही. आणि चौघं एकाच स्वयंपाकघरात जेवत असतील तर एक कुटुंब धरतात, नात्याचं असायलाच हवं असं नाही. तुमच्याकडे राहणाऱ्या मावशी तुमच्याच चुलीवरचं जेवतात, त्या तुमच्या कुटुंबात येतील. त्यांचं नाव सांगायला विसरू नका.

सी 701: अरे हो. हे डोक्यातच आलं नव्हतं.

सेक्रेटरी, ए 402: मी यात एक घालतो. मागची जनगणना 2011 ची. 2021 ची कोविडमुळे राहिली. 2011 मध्ये पुणे शहर 31 लाख 24 हजार होतं आणि नऱ्हे तेव्हा ग्रामपंचायत होती. महापालिकेत आपण 2021 मध्ये आलो. जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीला प्रभाग पाडले तेही 2011 च्याच आकड्यांवर. 2011 मध्ये आपल्या या जागेवर ज्वारीचं शेत होतं. आज 96 फ्लॅट आहेत आणि रोज टँकर येतो. पाण्याच्या मागणीचं पत्र घेऊन मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा लोकसंख्या किती हाच प्रश्न आला. छापील, अधिकृत आकडा माझ्याकडे नव्हता.

ए 204: हे नोटिशीत लिहा ना. "जनगणनेला सहकार्य करा" कोण वाचतं? टँकरचं लिहिलंत तर थांबून वाचतील.

बी 506: सहमत 👍 आणि हिंदीतही लावा.

बी 103: नोटीस लावाच. पण ज्यांच्यासाठी मी हे सगळं लिहितेय ते या ग्रुपवर नाहीत, नोटीसही त्यांच्यासाठी नसते. घरयादीत अकरा दारं राहिली असं सेक्रेटरींनी लिहिलं. मी म्हणते बारा. पंपरूमशेजारच्या खोलीत वॉचमनदादा, त्यांची बायको आणि दोन मुली राहतात. खोलीला वेगळं दार आहे, आत वेगळी चूल आहे, म्हणजे ते वेगळं घर आणि वेगळं कुटुंब. आपल्यापैकी कोणीच मॅडमना ती खोली दाखवली नाही. मीही नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कारण मी हे काम केलेलं आहे.

2011 मध्ये मी शाळेत शिक्षिका होते आणि कात्रजच्या बाजूला मला मोजणीचा गट मिळाला होता. एका बांधकामावर पत्र्याच्या अठरा खोल्या. दिवसा गेलं की सगळ्यांना कुलूप, म्हणून संध्याकाळी सातनंतर जायचे. एका खोलीत एक बाई भाकरी थापत होती. नवऱ्याचं नाव विचारलं तर मान खाली, हात थांबले, तव्यावरची भाकरी करपायला लागली. मी गप्प बसले. कायद्यातच आहे, बाईला नवऱ्याचं नाव सांगायची सक्ती नाही. तिने ओल्या हाताने भाकरी उलटली आणि बाहेर खेळणाऱ्या पोराला हाक मारली. त्याने सांगितलं. मग तिने आपणहून विचारलं, "माझंबी नाव लिवलं का?" मी फॉर्म दिव्याखाली धरून तिचं नाव बोटाने दाखवलं. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत होती.

पंपरूमच्या खोलीत मी स्वतः जाणार आहे. प्रश्न राहिला शेजारच्या प्लॉटवरच्या कामगारांचा.

सी 205: मॅडम, मी रोज वाचते, लिहिते आज पहिल्यांदा. मी मूळची पश्चिम बंगालमधल्या मालद्याची. त्या प्लॉटवर आमच्याकडची दहा-बारा घरं आहेत. घरयादीच्या वेळी ते लोक मुद्दाम उशिरा खोलीवर आले. त्यांना वाटलं कागद तपासायला आलेत, हाकलून देतील. मी बंगालीत समजावून सांगेन. पण मला नीट सांगा, कागद मागतात की नाही? मी खोटं सांगणार नाही त्यांना.

बी 103: वहिनी, खूप बरं वाटलं. कागद मागत नाहीत. माणूस तोंडाने जे सांगतो ते लिहून घेतात. नाव, वय, शिक्षण, काम, गाव सोडून इथे का आला, अशा तऱ्हेचे प्रश्न. यावेळी जातही विचारणार आहेत. ते सगळं आधीच सांगून ठेवू, म्हणजे ऐनवेळी कोणी दचकणार नाही. आपण दोघी आधी एकदा नुसत्याच जाऊन येऊ. वही नको, फोन बाहेर काढायचा नाही, फोटो तर अजिबात नाही. चहा घ्यायचा आणि परत यायचं.

सी 205: रविवारी त्यांना अर्धा दिवस सुट्टी असते. दुपारी तीनला चालेल?

बी 103: चालेल.

सी 701: उत्तर न देणाऱ्याला दंड आहे ना, हजार रुपये? तेही टाका नोटिशीत.

बी 103: दंडाची तरतूद आहे सर, पण नोटिशीत नको. आधीच घाबरलेला माणूस दंड वाचून आणखी आत जातो.

सेक्रेटरी, ए 402: बरं, मग असं करतो. गेटच्या अ‍ॅपवर प्रगणकाची नोंद सोसायटीच्या नावाने करू, म्हणजे फ्लॅटची परवानगी लागणार नाही. सोबत कोणीतरी राहील. ज्यांना स्वतः ऑनलाइन भरायचंय त्यांनी भरावं आणि मिळालेला नंबर प्रगणकांना दाखवावा. ज्यांना जमत नाही त्या आजी-आजोबांजवळ बी 506 बसतील. कुलूपबंद फ्लॅटपैकी कोण परदेशी आहे आणि कोण नुसतं रात्रपाळीला, ही यादी मी करतो. दोन्हीला "बंद" म्हणून सोडायचं नाही.

ए 204: ए 303 मधल्या दोघी नर्स आहेत, रात्रपाळी असते. सकाळी नऊला येतात आणि लगेच झोपतात. त्यांना संध्याकाळी पाचनंतर गाठा.

बी 506: सी 604 च्या मुलांशी बोललो. चौघंही तयार आहेत. एकाने विचारलं, "काका, आम्हाला पण मोजतात?" रविवारी सकाळी अकरानंतर या म्हणाले.

बी 103: पंपरूमवर आत्ता जाऊन आले. धाकटी मुलगी नऱ्ह्यातच जन्मलेली, तीन वर्षांची. दारावर नंबर नाही म्हणून मी खडूने "बी विंग, पंपरूम" असं लिहून आले आहे. पुसू नका कोणी.