पेसर: खरोखरच रुळांवरची बस

पेसर ही ब्रिटनमधली एक प्रवासी रेल्वेगाडी. ‘पेसर म्हणजे रुळांवर चढवलेली बस’ असं गमतीत म्हणतात, पण ते जवळजवळ शब्दशः खरं आहे. ब्रिटिश रेल्वेच्या क्लास १४२ या पेसरच्या प्रकाराचा वरचा सांगाडा लेलँड नॅशनल बसच्या भागांवरूनच बेतलेला. १९८५ ते ८७ मध्ये दोन-दोन डब्यांच्या ९६ गाड्या बांधल्या.

खरी गोम चाकांत. आपल्या डब्याखाली दोन बोग्या असतात (बोगी म्हणजे डबा नव्हे हो, खालचा चाकांचा गाडा!). पेसरला बोगीच नाही, डब्याला नुसती चार चाकं. वळणावर चाकाची कड रुळाला घासून कर्कश किंचाळायची. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधल्या वळणावळणाच्या रेल्वे-फाट्यांवर तर कडा इतक्या झिजल्या की गाड्या उत्तर इंग्लंडला हलवल्या. स्वस्तातली तात्पुरती सोय म्हणे, आणि धावल्या २०२० पर्यंत!