मदत हवी आहे: रिओच्या ऑलिम्पिक गोल्फ कोर्सवर खेळायचंय

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात कामानिमित्त ब्राझीलला जातोय, रिओत एक रविवार मोकळा आहे आणि बाऱ्हा द तिजुकाच्या ऑलिम्पिक गोल्फ कोर्सवर १८ होल खेळायची फार इच्छा आहे. ११२ वर्षांनी गोल्फ ऑलिम्पिकमध्ये परत आलं ते याच मैदानावर, २०१६ ला, आपली गोल्फपटू आदिती अशोक तेव्हा फक्त १८ वर्षांची होती. गिल हान्सने डिझाइन केलेला हा कोर्स झाडं जवळजवळ नसलेला, वाळूचा, समुद्राचा वारा थेट अंगावर येणारा आहे, असं मैदान मी अजून खेळलेलो नाही म्हणून जीव अडकलाय.

कोर्स पब्लिक आहे, मेंबरशिप लागत नाही हे माहितीये. यूट्यूब पालथं घातलं पण बहुतेक व्हिडिओ २०१६ चेच, तिथल्या ऑफिसमधल्या सहकाऱ्यांपैकी कोणी गोल्फ खेळत नाही, आणि हॉटेलवाले दुसऱ्याच प्रायव्हेट क्लबचं नाव सुचवतायत.

मी डावखुरा आहे, हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळाडू चांगला) २२, किट सोबत नेणार नाही, पोर्तुगीज येत नाही. कोपाकबानाला राहणार आहे, मेट्रोने जार्दिम ओशियानिकोपर्यंत जाऊन पुढे टॅक्सी करेन, त्यामुळे प्रवासाचं नका सांगू. बजेटचाही प्रश्न नाही.

अलीकडे तिथे कोणी खेळलंय का? डावखुऱ्यांचा सेट भाड्याने मिळतो का, एकट्या माणसाला रविवारी टी टाइम (खेळ सुरू करायची राखीव वेळ) देतात का, आणि हँडिकॅप सर्टिफिकेट मागतात का?