मॉलेक्युलर बायॉलॉजीत माणूस सायटेशनवर जोखावा का?

पिपेट:
परवा आमच्याकडे एका पदासाठी मुलाखती झाल्या. उमेदवार खुर्चीवर बसतो न बसतो तोच पहिला प्रश्न आला, "एच-इंडेक्स किती?" कामाबद्दल चकार शब्द नाही. (सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकांनी आपल्या पेपरात त्या पेपराचा दिलेला संदर्भ. २० पेपरांना प्रत्येकी किमान २० सायटेशन असली की एच-इंडेक्स २०. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेला हिशोब.) मला हे मनापासून चूक वाटतं.

ऑलिव्हर लाउरींचा १९५१ चा पेपर घ्या. प्रथिन मोजायची ती पद्धत एमएस्सीला आपण सगळ्यांनी केली आहे. तांब्याचं अल्कधर्मी द्रावण घालून दहा मिनिटं थांबायचं, मग फोलिन हे रसायन घालून नळी लगेच हलवायची, कारण त्या द्रावणात फोलिन फार वेळ टिकत नाही. अर्ध्या तासात निळा रंग चढतो. २०१४ पर्यंत या पेपराला तीन लाखांवर सायटेशन झाली होती, जगात सर्वाधिक. वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा डीएनएच्या रचनेचा पेपर सर्वाधिक सायटेशनच्या त्या यादीत पहिल्या शंभरातही नव्हता. आपला हा पेपर काही थोर नाही, असं खुद्द लाउरींनीच लिहून ठेवलंय. मग आकडा नेमकं काय मोजतो?

बालाघाट:
वापर मोजतो, आणि वापर ही काही हलकी गोष्ट नाही. प्रथिन किती आहे हेच कळलं नाही तर पुढचा प्रयोग कशावर उभा करणार? सँगर यांचा १९७७ चा डीएनएचा क्रम वाचायच्या पद्धतीचा पेपरही त्याच यादीत पहिल्या पाचात होता, आणि त्याच कामाला १९८० चं नोबेल मिळालं.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. आकडा बाजूला ठेवलात की समिती विचारते, "कोणाचे विद्यार्थी?" मी तालुक्याच्या कॉलेजातून आलो. माझ्या गाईडना जिल्ह्याबाहेर कोणी ओळखत नव्हतं. मला बोलावणं आलं ते तीन पेपर आणि त्यांच्या सायटेशनमुळे. ज्या परदेशी लोकांनी ती दिली त्यांना माझं आडनावही धड उच्चारता येणार नाही. त्यांच्याकडे माझा वशिला कुठून असणार?

ताम्हिणी:
बालाघाट, तुमचा अनुभव खरा आहे, पण आकड्यातून निसटतं तेही बघा. जी. एन. रामचंद्रन यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह १९६३ मध्ये मद्रासहून पेपर लिहिला. प्रथिनाच्या साखळीच्या वळणाचे फाय आणि साय हे कोन कुठे बसू शकतात आणि कुठे अणू एकमेकांवर आदळतात, याचा तो नकाशा. आज नव्या प्रथिनाची रचना तपासताना हा नकाशा, म्हणजे रामचंद्रन प्लॉट, पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत. पेपरात लिहितात, "९८ टक्के अवशेष अनुकूल भागात" (अवशेष म्हणजे साखळीतली अमिनो आम्लं). खाली संदर्भ मात्र बहुतेकदा ज्या सॉफ्टवेअरने प्लॉट काढला त्याचा असतो. काम इतकं अंगवळणी पडलं की मूळ पेपराचं नाव घ्यायची गरजच वाटेनाशी झाली. माझ्या प्रबंधातही मी तेच केलं होतं, आणि त्याची मला आज खंत आहे.

वारणा:
आकड्याची सक्ती झाली की काय होतं तेही आपण पाहिलंय. पैसे भरून चार दिवसांत छापून देणारी जर्नलं उगवली. यूजीसीला (विद्यापीठ अनुदान आयोगाला) २०१८ मध्ये मान्य नियतकालिकांच्या आपल्याच यादीतून चार हजारांवर नियतकालिकं काढावी लागली. आठवड्याला सोळा तास शिकवणाऱ्या प्राध्यापकाने संशोधन करायचं कधी?

बालाघाट:
वारणा, ती पेपरांच्या संख्येची सक्ती होती. सायटेशन म्हणजे निदान कोणीतरी उघडून पाहिलं. रामचंद्रन यांना आकड्याची गरज नाही, त्यांचं नावच पुरेसं आहे. गरज माझ्यासारख्यांना आहे.

पिपेट:
वशिल्याचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात आला नव्हता. तरी आकडा पहिला नको. उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन पेपर आधी मागवा, समितीतल्या किमान एकाने ते पूर्ण वाचावेत, आकडा त्यानंतर.

बालाघाट:
वाचा, जरूर वाचा. पण वाचताना नाव, कॉलेज आणि गाईड झाकून ठेवणार का? तेवढं कबूल करा, मी एच-इंडेक्सचा आग्रह आजच सोडतो.