नाताळच्या सुट्टीत पुन्हा पुन्हा पाहिलेले चित्रपट : आपले अनुभव सांगा

आमच्या घरी नाताळ साजरा होत नसे. शाळेला सुट्टी असे आणि केबलवर ‘होम अलोन’ हमखास लागे, एवढाच आमचा त्या सणाशी संबंध होता. १९९० सालच्या या चित्रपटातला, कुटुंब सुट्टीला पॅरिसला गेले असता चुकून घरी एकटाच राहिलेला छोटा केविन पिझ्झा घेऊन आलेल्या मुलाला घाबरवण्यासाठी जो कृष्णधवल गुंडपट लावतो, तो मिळावा म्हणून मी आमच्या पेठेतल्या व्हिडिओ लायब्ररीत दोन वर्षे खेटे घातले आणि मालकांनीही प्रत्येक वेळी ‘पुढच्या आठवड्यात येईल’ असे गंभीरपणे सांगितले. तसा चित्रपट मुळात अस्तित्वातच नाही, ती दृश्ये केवळ ‘होम अलोन’साठी चित्रित केली होती, हे मला फार उशिरा कळले. आता स्वतः आई झाल्यावर मला चोरांच्या फजितीपेक्षा केविनच्या आईची धडपड अधिक पाहावीशी वाटते. पॅरिसच्या विमानतळावर एका वृद्ध जोडप्याशी तिकिटासाठी घासाघीस करणारी आणि शेवटी अनोळखी वादकांच्या गाडीत बसून घर गाठणारी ती बाई लहानपणी मला जवळजवळ दिसलीच नव्हती.

आपण नाताळच्या दिवसांत कोणता चित्रपट पाहता, तो कोणासोबत पाहता आणि पाठ झाल्यावरही पुन्हा का पाहता, हे कृपया सविस्तर लिहावे. नुसती नावांची यादी नको.

वसईहून

आमच्याकडे चोवीस तारखेची रात्र मध्यरात्रीच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची असते आणि त्याआधीचे दिवस येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा उभारण्यात जातात, त्यामुळे चित्रपटाला सवड मिळते ती पंचवीस तारखेच्या दुपारी, जेवणे आटोपून सगळे पेंगुळलेले असताना. आमचा चित्रपट ठरलेला आहे : फ्रँक काप्रा यांचा १९४६ सालचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. माझे वडील पतपेढीत हिशेबनीस होते आणि जेम्स स्ट्यूअर्टने रंगवलेला जॉर्ज बेलीही एका छोट्या गावात जवळजवळ तसलीच संस्था चालवतो, म्हणून हा चित्रपट वडिलांना त्यात जॉर्जच्या मदतीला येणाऱ्या देवदूतापेक्षा ठेवीदारांसाठी आवडत असे. घाबरलेले लोक ठेवी काढून घ्यायला दारात गर्दी करतात, तेव्हा जॉर्ज त्यांना समजावतो की तुमचा पैसा या तिजोरीत नाही, तो तुमच्या शेजाऱ्याच्या घरात गुंतलेला आहे. आणि मग मधुचंद्रासाठी बाजूला ठेवलेले २,००० डॉलर स्वतःच्या खिशातून वाटायला काढतो. या प्रसंगाला वडील दर वर्षी खुर्चीत सरळ होऊन बसत. पतपेढी म्हणजे काय हे मला त्यांच्या कामावरून नव्हे, या दृश्यावरून समजले.

त्यांचा एक आक्षेपही दर वर्षीचा होता. जॉर्जच्या संस्थेच्या हरवलेल्या ८,००० डॉलरची भरपाई करण्यासाठी शेवटी सारे गाव टोपलीत पैसे टाकते, आणि त्यांच्यात हिशेब तपासायला आलेला अधिकारीही असतो. ‘तपासनिसाने असे करणे नियमात बसत नाही,’ असे ते म्हणत आणि त्याच वेळी डोळे पुसत. ते पैसे दडपून ठेवणाऱ्या गावातल्या धनाढ्य पॉटरला मात्र कसलीच शिक्षा होत नाही, याचे त्यांना अजिबात आश्चर्य वाटत नसे.

हा चित्रपट प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा त्याला फारसे यश मिळाले नव्हते. १९७४ साली स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले, तो अमेरिकेतल्या दूरचित्रवाहिन्यांना जवळजवळ फुकटात दाखवता येऊ लागला आणि दर डिसेंबरला दिसत राहिल्यामुळे तो लोकांच्या घरचा झाला. पतपेढीच्या चित्रपटाला कागदपत्रांतल्या चुकीने तारावे, हे ऐकून वडील खूप हसले होते. त्यातला बर्फही मला आवडतो. त्या काळी रंगवलेले कॉर्नफ्लेक्स बर्फ म्हणून वापरत, पण पायाखाली त्यांचा कुरकुर आवाज येई. म्हणून येथे आग विझवण्याच्या फेसापासून बर्फ तयार केला गेला, तोही कॅलिफोर्नियाच्या ऐन उन्हाळ्यात. वडिलांना जाऊन काही वर्षे झाली. तपासनीस टोपलीपाशी आला की आता तो आक्षेप माझा भाऊ नोंदवतो.

हिंजवडी, पुणे

माझे उत्तर ‘डाय हार्ड’. अमेरिकेतले ग्राहक सुट्टीवर असल्यामुळे आमची चोवीस तारखेची रात्रपाळी शांत असते, आणि लॉस एंजेलिसच्या एका उंच इमारतीत नाताळच्या पार्टीच्या रात्री अडकलेल्या पोलिसाची गोष्ट आम्ही कार्यालयातच, त्या पोलिसासारखे अनवाणी बसून पाहतो. हा चित्रपट १९८८ च्या जुलैमध्ये प्रदर्शित झाला होता, त्यामुळे तो नाताळचा मानावा की नाही यावर आमच्या चमूत दोन तट आहेत. मी ‘मानावा’ या बाजूचा आहे. माणूस दुरावलेल्या बायकोकडे नाताळसाठी येतो, याहून अधिक काय हवे?

ड्रेस्डेन, जर्मनीहून

येथे आल्यावर पहिल्याच डिसेंबरमध्ये शेजारच्या आजींनी विचारले की मुलीला ‘सिंड्रेलासाठी तीन हेझलनट’ दाखवला का. चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनी यांनी मिळून १९७३ साली काढलेला हा चित्रपट डिसेंबरभर येथल्या निरनिराळ्या वाहिन्यांवर इतक्यांदा लागतो की चुकवायचा म्हटले तरी चुकत नाही. सिंड्रेलाची गोष्ट पुन्हा कशाला, म्हणून मी नाके मुरडली होती. परंतु ही सिंड्रेला घोड्यावरून राजपुत्राला मागे टाकते, आडव्या धनुष्याने नेम धरते आणि बूट पायात बसला तरी आधी त्याला कोडे घालते. तिला कोणा परीची मदत लागत नाही, हे माझ्या मुलीने पाहिले याचे मला फार बरे वाटले.

यातले चेक आणि जर्मन कलाकार आपापल्या भाषेत बोलले आणि नंतर प्रत्येक देशात ध्वनिमुद्रण वेगळे झाले. नॉर्वेत तर सगळ्या पात्रांचे संवाद एकच पुरुष बोलतो आणि तेथील लोकांना तेच हवे असते. आम्ही ज्या मोरित्सबुर्ग किल्ल्यावर हिवाळ्यात जातो, तेथेच यातले काही चित्रीकरण झाले असल्यामुळे बूट हरवला त्या पायऱ्यांपाशी छायाचित्रासाठी रांग लागते. मी तिथे थंडीने काकडत असते आणि मुलगी एक पाय बुटातून काढून उभी असते.

नागपूरहून, पूर्वी कोलकाता

माझा अनुभव थोडा उदास आहे. वडिलांच्या बदलीमुळे आम्ही काही वर्षे कोलकात्यात होतो आणि पार्क स्ट्रीटची रोषणाई पाहून आल्यावर एका नाताळात घरी ‘३६ चौरंगी लेन’ पाहिला. अपर्णा सेन यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट, १९८१ सालचा. जेनिफर केंडल यांनी साकारलेल्या, शेक्सपिअर शिकवणाऱ्या एकाकी अँग्लो-इंडियन शिक्षिकेच्या घराचा एक तरुण जोडपे सोयीपुरता उपयोग करून घेते, आणि नाताळला आपण गावात नसू असे तिला खोटेच सांगते. तरीही ती केक करून त्यांच्या दारी घेऊन जाते आणि आत चाललेली पार्टी तिला बाहेरून दिसते.

मी तो दर वर्षी पाहतो. आईला मात्र एकदाच पुरे झाला. केक भट्टीत गेला की ती काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात निघून जाते आणि चित्रपट संपेपर्यंत भांडी लावत बसते.